टाईप वन मधुमेह आणि पहाटे वाढणारी रक्तशर्करा : भाविकांसाठी माहिती



देवस्थानच्या पानावर रक्तातील साखरेविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, ज्या विकाराविषयी येथे लिहिले आहे त्याचा आपल्या देवळातील पहाटेशी, उपवासाशी आणि प्रसादाशी रोजचा संबंध येतो. टाईप वन मधुमेह असलेल्या मुलाची साखर रात्री झोपताना ठीक असते आणि सकाळी उठल्यावर पाहावी तर ती दोनशेच्या वर गेलेली असते. घरातील मंडळी गोंधळतात. कोणी मुलावर संशय घेतात, कोणी आपल्या मनानेच इन्शुलिन वाढवतात, तर कोणी कंटाळून ते बंद करण्याचा विचार करतात. या तिन्ही गोष्टी अपायकारक आहेत आणि शेवटची तर प्राणघातक आहे. म्हणून पहाटेच्या या वाढीमागचे कारण काय, ते कसे ओळखावे आणि त्यावर काय करावे, याची माहिती सोप्या शब्दांत देण्याचा हा प्रयत्न आहे.

गोमंतकातील मधुमेह आणि त्याच्या आड राहिलेला दुसरा मधुमेह

मधुमेह हा शब्द गोव्यात कोणास नवा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात प्रौढांमधील मधुमेहाचे सर्वांत अधिक प्रमाण गोव्यात, म्हणजे २६.४ टक्के आढळले. सरासरीने पाहिले तर दर चार प्रौढांमागे एकास हा विकार आहे. पेडणे असो वा डिचोली, ज्या घरात मधुमेही कोणीच नाही असे घर शोधावे लागेल.

परंतु हा जो सर्वपरिचित मधुमेह आहे तो बहुतांशी टाईप टू प्रकारचा आहे. तो साधारणतः मोठ्या वयात येतो. त्यात शरीर इन्शुलिन तयार करीत असते, पण ते अपुरे पडते किंवा त्याचा परिणाम नीट होत नाही. गोळ्या, आहारातील पथ्य आणि चालणे यांनी तो बराच काळ आटोक्यात राहू शकतो. याच ओळखीमुळे एक अडचण उद्भवली आहे. मधुमेह म्हटला की, "गोड बंद करा, चाला, कारल्याचा रस घ्या" हा सल्ला प्रत्येकाच्या ओठावर तयार असतो. टाईप वन असलेल्या बालकाच्या आईवडिलांनाही शेजारीपाजारी हाच सल्ला देतात. हेतू चांगला असला तरी तो सल्ला तेथे लागू पडत नाही.

टाईप वन मधुमेहात शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींचा नाश करते. त्यामुळे इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही. हा विकार बहुधा बालपणी वा तरुणपणी प्रकट होतो, मात्र तो कोणत्याही वयात होऊ शकतो. गोड खाल्ल्यामुळे तो होत नाही. आईवडिलांच्या चुकीमुळे होत नाही आणि पूर्वसंचितात त्याचे कारण शोधण्याचीही आवश्यकता नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ सालच्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालील सुमारे २ लाख २९ हजार मुलामुलींना हा विकार होता. या सर्वांना जन्मभर बाहेरून इन्शुलिन घ्यावे लागते. ११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातील टोरोंटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास पहिल्यांदा इन्शुलिनचे इंजेक्शन देण्यात आले. त्यापूर्वी या विकाराचे निदान होणे म्हणजे काही महिन्यांत वा फार तर दोन-तीन वर्षांत मृत्यू, असेच समीकरण होते. आज हीच मुले शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. हा फरक केवळ इन्शुलिनमुळे पडला, ही गोष्ट पुढील सर्व विवेचन वाचताना ध्यानात असू द्यावी.

पहाटे शरीरात काय घडते ?

आपण झोपेत असतो तेव्हाही मेंदू, हृदय व अन्य अवयवांना साखरेची गरज असते. ती गरज यकृत भागवते. दिवसा साठवलेली साखर यकृत रात्रभर थोडी थोडी रक्तात सोडत असते. पहाटे साधारण तीन-चार वाजल्यापासून शरीर जागे होण्याच्या तयारीला लागते. कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढू लागते. गाढ झोपेत स्रवलेल्या वाढीच्या संप्रेरकाचा परिणामही काही तासांनी, म्हणजे याच सुमारास जाणवू लागतो. या संप्रेरकांमुळे दोन गोष्टी होतात. यकृत अधिक साखर सोडते आणि इन्शुलिनचा प्रभाव काहीसा मंदावतो. दिवसाची कामे करण्यासाठी शरीराने केलेली ही शिदोरीच होय.

निरोगी माणसाचे स्वादुपिंड हे ओळखून त्या वेळी थोडे अधिक इन्शुलिन सोडते, त्यामुळे साखर वाढलेली कळतही नाही. टाईप वन मधुमेहात स्वादुपिंड हे करू शकत नाही. आदल्या रात्री टोचलेले इन्शुलिन पहाट झाली म्हणून आपले प्रमाण आपोआप वाढवत नाही. परिणामी काहीही न खाता साखर चढत जाते आणि सकाळी मीटरवर मोठा आकडा दिसतो.

या प्रकारास इंग्रजीत डॉन फिनॉमेनन म्हणतात. आपण त्यास उषःकालीन शर्करावाढ म्हणू. १९८१ साली ब्राझीलच्या संशोधक मारिया इनेस श्मिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी या नावाने तिचे वर्णन केले. पुढे १९८५ साली अमेरिकेत टाईप वन रुग्णांवर एक प्रयोग झाला. रात्री वाढीचे संप्रेरक स्रवू दिले नाही, तेव्हा पहाटेची वाढ नाहीशी झाली आणि तेच संप्रेरक बाहेरून दिले, तेव्हा ती पुन्हा दिसू लागली. यावरून या वाढीमागे वाढीच्या संप्रेरकाचा मोठा वाटा असल्याचे स्पष्ट झाले. वयात येणाऱ्या मुलामुलींत हे संप्रेरक जोमात असते. म्हणूनच बारा ते अठरा या वयात पहाटेची साखर सर्वांत अधिक त्रास देते, असा अनुभव आहे.

चोरून खाल्ल्याचा आळ

वरील विवेचनाचा घरगुती अर्थ फार महत्त्वाचा आहे. रात्री अकराला साखर १४० होती, सकाळी सव्वादोनशे झाली, म्हणजे मुलाने रात्री उठून डब्यातले लाडू खाल्ले असणार, असा तर्क घरोघर केला जातो. जत्रेनंतर घरात खाजे असते, चतुर्थीच्या दिवसांत नेवऱ्या आणि मोदक असतात, त्यामुळे संशयाला जागाही मिळते. मूल शपथेवर सांगते की काही खाल्ले नाही, पण आकडा त्याच्याविरुद्ध साक्ष देतो. असे वरचेवर झाले की मूल दोनपैकी एक मार्ग धरते. एक तर ते साखर तपासण्यास टाळाटाळ करते, किंवा वहीत खोटे आकडे लिहू लागते. दोन्हींचा परिणाम वाईट होतो, कारण उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या हाती खरी माहितीच राहत नाही.

तेव्हा पालकांनी व आजी-आजोबांनी एवढे जाणावे की, सकाळचा मोठा आकडा हा मुलाच्या वर्तनाचा दाखला नव्हे. तो इन्शुलिन आणि शरीराची गरज यांचा मेळ बसत नसल्याचा संकेत आहे. मुलाने कधी खरोखरच काही खाल्ले असेल तरी रागावण्यापेक्षा, खाल्लेले सांगितल्यास त्यानुसार इन्शुलिन देता येते, हे त्याला समजावून द्यावे. खरे सांगण्याची भीती वाटू नये, असे घराचे वातावरण असावे.

पहाटे तीनची तपासणी

सकाळी साखर वाढलेली दिसण्याची कारणे अनेक असू शकतात. केवळ सकाळचा एक आकडा पाहून त्यांतील नेमके कारण कळत नाही. त्यासाठी रात्री झोपताना, पहाटे तीनच्या सुमारास आणि उठल्याबरोबर अशा तीन वेळा तपासणी करावी लागते. सलग नव्हे तरी एकाच आठवड्यातील दोन-तीन रात्री हे करावे. ज्यांच्या दंडावर सतत मोजणारा सेन्सर लावलेला आहे त्यांना रात्रभराचा आलेख आयताच मिळतो. पुढील उदाहरणांतील आकडे केवळ समजण्यासाठी दिले असून ते मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापात आहेत.

१) रात्री ११ वाजता १४०, पहाटे ३ वाजता १३०, सकाळी ६.३० वाजता २१५ : रात्रभर साखर स्थिर राहून पहाटेच चढली. ही उषःकालीन वाढ असू शकते, किंवा रात्रीच्या इन्शुलिनचा प्रभाव पहाटे संपत असावा. पुष्कळदा ही दोन्ही कारणे एकत्र असतात.

२) रात्री ११ वाजता २३०, पहाटे ३ वाजता २४०, सकाळी २३५ : साखर झोपतानाच वाढलेली होती व तशीच राहिली. येथे पहाटेचा दोष नाही. रात्रीचे जेवण आणि त्या वेळचे इन्शुलिन यांचा हिशेब तपासावा लागेल.

३) रात्री ११ वाजता १४०, पहाटे ३ वाजता १९०, सकाळी २६० : साखर रात्रभर चढत गेली. दीर्घकाळ चालणारे इन्शुलिन अपुरे असणे, ते उष्णतेने खराब झालेले असणे, एकाच जागी वारंवार टोचल्याने त्वचेखाली गाठ होऊन ते नीट न शोषले जाणे, किंवा उशिरा घेतलेले तेलकट जेवण, यांपैकी कारण असू शकते.

४) रात्री ११ वाजता १३०, पहाटे ३ वाजता ५८ : हा धोक्याचा इशारा आहे. येथे इन्शुलिन अधिक होत आहे. घाबरून भरपूर गोड खाल्ले तर सकाळी साखर वाढलेली दिसेल, परंतु मूळ दोष साखर उतरण्याचा आहे.

चौथ्या प्रकाराविषयी थोडे अधिक सांगणे अगत्याचे आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील मायकेल सोमोजी या शास्त्रज्ञांनी १९३८ साली असे मत मांडले होते की, रात्री साखर फार उतरली तर शरीर प्रतिक्रिया म्हणून ती वाढवते आणि म्हणून सकाळी ती जास्त दिसते. अनेक वर्षे हेच कारण सर्रास सांगितले जाई. सतत मोजणारे सेन्सर आल्यावर असे दिसून आले की, रात्री साखर उतरली तर सकाळीही ती बहुधा कमीच असते. म्हणून सकाळच्या वाढीचे हे कारण आता क्वचितच मानले जाते. तथापि रात्री साखर उतरणे हा स्वतंत्र धोका आहेच आणि तो शोधण्यासाठीही पहाटे तीनची तपासणी उपयोगी पडते.

रात्रीचा डोस मनाने वाढवू नये

आपल्याकडे अनेकांना सकाळी आणि रात्री जेवणापूर्वी असे दोन वेळा मिश्र इन्शुलिन दिलेले असते. त्यातील दुधाळ दिसणारा मध्यम मुदतीचा भाग टोचल्यापासून साधारण चार ते दहा तासांच्या दरम्यान सर्वाधिक जोर करतो. रात्री आठ वाजता तो घेतला तर त्याचा जोर मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत राहतो आणि नेमकी उजाडताना गरज वाढते तेव्हा तो ओसरू लागतो. म्हणजे शरीराला सर्वांत कमी गरज असते त्या प्रहरी इन्शुलिन अधिक आणि गरज वाढते त्या प्रहरी कमी, असा उलटा हिशेब होतो.

अशा वेळी सकाळचा आकडा पाहून रात्रीचा डोस वाढवला तर काय होईल ? सकाळची साखर थोडी उतरेल, पण मध्यरात्रीनंतरची त्याहून अधिक उतरेल. झोपेत घाम येणे, दचकून उठणे, बडबडणे, क्वचित झटके येणे असे प्रकार घडू शकतात. म्हणून पहाटे तीनचा आकडा हाती आल्याशिवाय रात्रीचा डोस वाढवू नये, हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा निरोप समजावा.

डॉक्टरांच्या सल्ल्याने करता येण्याजोगे उपाय

कारण निश्चित झाल्यावर उपाय करता येतात. पुढील उपाय वाचकांना डॉक्टरांशी नीट बोलता यावे म्हणून दिले आहेत. स्वतःहून बदल करण्यासाठी ते दिलेले नाहीत.

१) वेळेतील बदल : रात्रीच्या जेवणापूर्वी घेतले जाणारे मध्यम मुदतीचे इन्शुलिन जेवणापासून वेगळे करून झोपण्याच्या वेळी, म्हणजे दहा-साडेदहाला घेतल्यास त्याचा जोर पहाटेकडे सरकतो. मिश्र इन्शुलिनमध्ये असे वेगळे करता येत नाही, त्यासाठी दोन निरनिराळी इन्शुलिने लागतात.

२) प्रकारातील बदल : सुमारे चोवीस तास वा त्याहून अधिक काळ जवळजवळ समान चालणारी इन्शुलिने आता उपलब्ध आहेत. त्यांत मध्यरात्रीचा चढ कमी असल्याने रात्री साखर उतरण्याचा धोकाही घटतो.

३) इन्शुलिन पंप : या छोट्या यंत्रात प्रत्येक तासाचे प्रमाण वेगळे ठेवता येते. पहाटे तीनपासून थोडे अधिक इन्शुलिन सोडण्याची योजना त्यात करता येते. सेन्सरशी जोडलेले नवे पंप आकडा पाहून स्वतःच प्रमाण कमी-अधिक करतात. उषःकालीन वाढीवर हा सर्वांत नेमका उपाय आहे, मात्र त्याचा खर्च मोठा आहे आणि तो सर्वांस परवडणारा नाही. पंप नसला तरी वरील दोन मार्गांनी पुष्कळ सुधारणा होते, हे ध्यानात ठेवावे.

४) न्याहारीपूर्वीचे इन्शुलिन : सकाळी शरीर इन्शुलिनला कमी दाद देते. त्यामुळे तेवढ्याच अन्नासाठी दुपारपेक्षा सकाळी अधिक इन्शुलिन लागते, असे अनेकांच्या बाबतीत आढळते. झटपट काम करणारे इन्शुलिन खाण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे आणि साधे जुने इन्शुलिन सुमारे अर्धा तास अगोदर घ्यावयाचे असते. शाळेच्या घाईत टोचून लगेच ताटावर बसल्यास साखर आणखी उसळते.

जेवणाचा क्रम

रात्रीचे जेवण शक्यतो आठच्या आत आणि हलके असावे. उशिरा घेतलेल्या भातावर तळलेले पदार्थ आणि नारळाचे दाट वाटण असले की स्निग्धतेमुळे पचन लांबते आणि साखर मध्यरात्रीनंतर चढते. सकाळी साखर वाढलेली दिसली म्हणून न्याहारी बंद करू नये. उपाशी राहिल्याने यकृत साखर सोडणे थांबवीत नाही. न्याहारीला केवळ उकड्या तांदळाची पेज किंवा पातळ भाजीबरोबर दोन-तीन उंडे घेण्याऐवजी उसळ, अंडे, मुगाचा पोळा यांसारखा प्रथिनयुक्त पदार्थ जोडीस घ्यावा. नाचण्याचे तिझण पौष्टिक खरे, पण त्यातही पिष्ट व गूळ असतो, त्याचा हिशेब धरावा लागतो.

संध्याकाळचा खेळ वा चालणे इन्शुलिनचा प्रभाव वाढवते. तो परिणाम कित्येक तास टिकतो. त्यामुळे फुटबॉल वा पोहण्याच्या दिवशी रात्री साखर उतरू शकते. अशा दिवशी झोपताना अवश्य तपासावे.

काकडारती, उपवास आणि जत्रा

कार्तिकातील काकडारतीस येणाऱ्या टाईप वन भाविकांनी उठल्याबरोबर साखर तपासून मगच घराबाहेर पडावे. पहाटे थंड पाण्याने स्नान, अर्धवट झोप आणि उत्साह यांनीही साखर थोडी वाढते, ती पाहून घाबरू नये. इन्शुलिन टोचून आरतीस येऊ नये. टोचल्यावर आरती लांबली आणि न्याहारीस उशीर झाला तर साखर एकाएकी उतरेल.

पेडणे महालात जत्रा आणि कालोत्सवाच्या रात्री दशावतारी नाटके पहाटेपर्यंत चालतात. कोजागिरीला पेडण्याच्या पुनवेस रात्रभर गर्दी असते. अशा रात्री जेवण अकराला, चहा दोनला, भजी तीनला असा क्रम होतो आणि नेहमीचा हिशेब कोलमडतो. रात्र जागवण्यास हरकत नाही, मात्र दीर्घकाळ चालणारे इन्शुलिन नेहमीच्या वेळीच घ्यावे, दर तीन-चार तासांनी तपासावे आणि सोबतीस जाणत्या माणसास ठेवावे.

उपवासाविषयी सर्वांत अधिक गैरसमज आहेत. "आज एकादशी, खायचे नाही, म्हणून इन्शुलिनही नको" हा विचार टाईप वन मधुमेहात जीवघेणा आहे. जेवणाबरोबरचे इन्शुलिन खाण्यानुसार कमी करता येते, परंतु दीर्घकाळ चालणारे इन्शुलिन उपवासातही लागते, कारण यकृत साखर सोडतच असते. ते बंद केले तर एखाद्या दिवसातच रक्तात किटोन नावाची आम्ले साठू लागतात. मिश्र इन्शुलिन घेणाऱ्यांस खाण्यानुसार बदल करणे कठीण असल्याने त्यांनी निर्जळी वा कडक उपवास न करणेच बरे. धर्मशास्त्राने व्रतभंग न करणाऱ्या ज्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत पाणी, फळ व दूध यांच्या जोडीने औषधाचाही समावेश आहे. तेव्हा इन्शुलिन टोचल्याने, किंवा साखर उतरली असता साखर खाल्ल्याने व्रत मोडले असे कोणीही मानू नये.

डिचोली महालातील शिरगाव येथे वैशाख शुद्ध पंचमीस श्री लईराई देवीची जत्रा भरते. धोंड मंडळी त्यापूर्वी काही दिवस व्रतस्थ राहतात आणि उत्तररात्री होमकुंडातील निखाऱ्यांवरून चालत जातात. टाईप वन मधुमेह असलेल्या धोंडाने व्रत सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून आहाराचे व इन्शुलिनचे वेळापत्रक ठरवून घ्यावे. ज्यांच्या पायांची संवेदना मधुमेहामुळे कमी झाली आहे त्यांना भाजलेले कळत नाही आणि जखम भरण्यासही वेळ लागतो. अशांनी देवीचे दर्शन घेऊन सेवा अन्य प्रकारे रुजू करावी. देवीची माया त्यामुळे उणी होणार नाही.

धोक्याच्या खुणा

साखर ७० च्या खाली गेल्यास थरथर, घाम, भूक, चिडचिड, भान हरपणे ही लक्षणे दिसतात. त्वरित तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून वा ग्लुकोज पावडर द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे व गरज पडल्यास पुन्हा द्यावी. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये. तीर्थही नको. त्यास कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

साखर २५० च्या वर राहून उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास किंवा श्वासास फळासारखा वास ही लक्षणे आढळली तर ते किटोनचे विष समजावे. सकाळची साखर रोजच वाढते, म्हणून आजही तसेच असेल, असे समजून वाट पाहू नये. तसेच साखर २५० च्या वर असताना किटोन तपासल्याशिवाय ती उतरवण्यासाठी पळणे वा व्यायाम करणे टाळावे. पेडण्यातील भाविकांना तुये व कासारवर्णे येथील, तर डिचोलीतील भाविकांना डिचोली व साखळी येथील सरकारी आरोग्य केंद्रे जवळ पडतात. म्हापशात जिल्हा इस्पितळ आणि बांबोळीस गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ आहे. गंभीर लक्षणांत घरगुती काढ्यांत वेळ घालवू नये.

इन्शुलिनची साठवण

न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात, फ्रिजच्या दारात वा खालच्या कप्प्यात ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात ठेवलेले इन्शुलिन गोठून निकामी होते. वापरात असलेली बाटली वा पेन ३० अंशांपेक्षा कमी तापमानात साधारण चार आठवडे चालते. वैशाखातील उकाड्यात, किंवा पावसाळ्यात वीज दीर्घकाळ गेल्यास, मातीच्या ओल्या मडक्यात कोरडा डबा ठेवून त्यात इन्शुलिन ठेवावे. जत्रेच्या दिवशी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते कधीही ठेवू नये. कारण नसताना सलग काही दिवस सकाळची साखर वाढू लागली, तर बाटली बदलून पाहणे ही पहिली पायरी असावी.

एवढा खटाटोप कशासाठी ?

एखाद्या सकाळी साखर दोनशे झाली म्हणून तात्काळ काही बिघडत नाही. परंतु ती रोज पहाटे चार तास आणि न्याहारीनंतर आणखी तीन तास वाढलेली राहिली तर वर्षाकाठी हिशेब मोठा होतो. अमेरिका व कॅनडात टाईप वन मधुमेहाच्या १४४१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवणाऱ्यांत डोळ्यांचा विकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला, असे त्यात आढळले. मूत्रपिंड व मज्जातंतूंचेही मोठ्या प्रमाणात रक्षण झाले. बहुतेकांसाठी दिवसाचा ७० टक्क्यांहून अधिक वेळ साखर ७० ते १८० च्या दरम्यान असावी, असे उद्दिष्ट आज मानले जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२२ साली टाईप वन मधुमेहासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे. आपले डॉक्टर त्या आधारे वयानुसार उद्दिष्ट ठरवून देतील.

महाजन व भाविकांस विनंती

१) इन्शुलिनचे पेन, ग्लुकोमीटर, ग्लुकोजची पुडी वा बिस्किटे घेऊन येणाऱ्या भाविकास मंडपात अडवू नये. अंगावरील सेन्सर वा पंप सोवळ्याच्या कारणास्तव काढण्याचा आग्रह धरू नये. तो त्यांच्या शरीराचाच भाग समजावा.

२) दर्शनाच्या रांगेत कोणास साखर उतरल्याची लक्षणे जाणवल्यास त्यास प्रथम बसू द्यावे व गोड द्यावे.

३) प्रसाद नाकारणाऱ्या मुलास आग्रह करू नये आणि प्रसाद घेणाऱ्या मुलास "तुला हे चालते का ?" असे चारचौघांत विचारू नये. चिमूटभर पंचखाद्याने काही बिघडत नाही. वाटीभर मणगणे असल्यास त्याचा हिशेब ते मूल आणि त्याचे पालक जाणतात.

४) अमुक अंगारा वा काढा घेऊन इन्शुलिन सोडा, असा सल्ला देवळाच्या आवारात कोणीही देऊ नये. श्रद्धेने मनास बळ मिळते आणि इन्शुलिनने देह टिकतो. या दोहोंत विरोध नाही.

पहाट ही देवाची वेळ असे आपण मानतो. त्याच वेळी आपल्यातील काही घरांत एखादी आई गजर लावून उठते, झोपलेल्या मुलाच्या बोटावर सुई टोचते आणि आकडा वहीत लिहून ठेवते. तीही एक प्रकारची काकडारतीच होय. अशा घरांना आपण संशयाऐवजी समजूत देऊ या. श्रींच्या चरणी सर्वांच्या आरोग्यासाठी प्रार्थना.

सूचना : सदर लेख केवळ माहितीसाठी आहे. इन्शुलिनचे प्रमाण, प्रकार वा वेळ यांत कोणताही बदल आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

आपला नम्र,
सचिव, देवस्थान समिती